थोडं अ‍ॅडजस्ट करू

जानेवारीत अकरावीच्या वर्गात अंतिम खाती शिकवत होते. फळ्यावर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, उतरवून झाली होती आणि तिच्याखाली समायोजना, म्हणजे त्या यादीत न आलेल्या बाबी, लिहायला घेतल्या होत्या. अखेरचा साठा इतका, मजुरी देणे बाकी इतकी, यंत्रावर घसारा दहा टक्के. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, समायोजना म्हणजे अ‍ॅडजस्टमेंटच ना? आपण ट्रेनमध्ये करतो तीच?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न खरा होता आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पंचवीस वर्षं हा शब्द मी फळ्यावर एका अर्थाने लिहिते आहे, आणि त्याहून जास्त वर्षं गाडीत तो दुसऱ्या अर्थाने ऐकते आहे. दोघांची गाठ कधी घालून पाहिली नव्हती. "बघून सांगते," म्हटलं आणि घसाऱ्याकडे वळले. तो प्रश्न मात्र त्या दिवसापासून माझ्याबरोबर तुर्भे ते ठाणे असा रोज प्रवास करतो आहे.

मी ठाण्याची. जन्म चरईतल्या चाळीत, आता राहते पाचपाखाडीत. नोकरीची पहिली वर्षं दादरच्या बाजूला गेली, नंतरची तुर्भ्याकडे. म्हणजे आधी सीएसएमटीकडे जाणारी गर्दी आणि मग ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरची वाशी-पनवेलची गर्दी, दोन्ही अंगावर घेऊन झाल्या. दोन्हीकडे एक वाक्य सारखं होतं. "ताई, थोडं अ‍ॅडजस्ट करा ना."

लोकलचा बाक तिघींचा. चौथ्या सीटचा हक्क कुठल्या नियमात लिहिलेला नाही, आणि तरी तो नाकारलेला मी फार क्वचित पाहिला आहे. वाक्य कानावर पडलं की बाकावर एक हालचाल होते. खिडकीपाशी बसलेली पर्स मांडीवर ओढून घेते. मधली खांदा तिरका करते. तिसरी बोटभर आत सरकते, तिच्या मते वीतभर. आणि चौथी एका मांडीवर टेकते, एक पाय पॅसेजमध्ये, एक हात समोरच्या बाकाच्या कडीला. ते बसणं म्हणजे खरं तर अर्धं उभं राहणंच. पण दिवसभर उभ्याने काम केलेल्या बाईला त्या अर्ध्या टेकण्याची किंमत विचारा.

मग कुणीतरी उठतं. "घाटकोपर?" "हो, या." पूर्ण बाक एका लयीत आत सरकतो. चौथी होती ती तिसरी होते, विक्रोळी-भांडुपला दुसरी, आणि एखाद्या दिवशी नशीब असेल तर मुलुंड यायच्या आत खिडकीशी. तिच्या जागी नवी चौथी आलेली असते. या बाकाकडे मी पुष्कळ दिवस पाहत आले आहे. तिथे अडचण कुणाच्या पदरात कायमची पडत नाही, ती फिरत राहते. आज मी टेकले, उद्या तू टेक.

ठाणेकरांना १६ एप्रिल १८५३ ही तारीख पाठ असते. त्या दुपारी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी, चौदा डब्यांची, सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन चौतीस किलोमीटरवरच्या आमच्या गावात आली. चौदा डबे, चारशे माणसं. हिशेब मांडला की वाटतं, त्या दिवशी कुणाला कुणाला सरकायला सांगावं लागलं नसेल. आता गर्दीच्या वेळेसाठी रेल्वेच्या कागदांत एक संज्ञा आहे, सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा उभे प्रवासी. चौरस मीटर म्हणजे आपल्या घरातल्या साधारण पाटाएवढ्या चार-पाच जागा. तिथे पंधरा माणसं उभी असतात तेव्हा एखादा शब्द भाषेत नुसता येत नाही, त्याची गरज पडते. तो मराठी, गुजराती, तमीळ, भोजपुरी बोलणाऱ्या सगळ्यांना कळला पाहिजे, त्याने राग येता कामा नये आणि तो अर्ध्या सेकंदात बोलून झाला पाहिजे. अ‍ॅडजस्ट या तिन्ही कसोट्यांना उतरला.

गाडीतून उतरल्यावरही तो सुटत नाही. स्टेशनबाहेर शेअर रिक्षात मागे तिघं बसलेली असताना रिक्षावाला "एक सीट अ‍ॅडजस्ट होईल" म्हणतो. वाण्याकडे सुट्टे नसले की दोन चॉकलेटं अ‍ॅडजस्ट होतात. सोसायटीत पाणी कमी येणार असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर सेक्रेटरी सर्वांना अ‍ॅडजस्ट करायची विनंती करतात. माझी मुलगी बंगळुरूला असते, तिथे "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" हे तर जवळजवळ शहराचं ब्रीदवाक्यच आहे असं ती सांगते. एवढा इंग्रजी शब्द, पण इंग्लंडातल्या गाडीत कुणी असा वापरणार नाही. तिथे जरा सरकायला सांगण्यासाठी वेगळे शब्द आहेत. अ‍ॅडजस्ट तिथे करतात तो घड्याळाचा काटा, खुर्चीची उंची, दुर्बिणीचं भिंग. बाकावरच्या बाईला अ‍ॅडजस्ट करायला सांगणं ही आपली घडण.

या शब्दाने आपल्याकडे येऊन काय केलं ते समजायला तो यायच्या आधी इथे कोण नांदत होतं ते पाहावं लागतं. आणि इथे भरलेलं घर होतं.

सांभाळून घेणं होतं. त्यात एक मोठा असतो आणि एक लहान किंवा चुकलेला, आणि करायचं असतं ते मोठ्याने. मुलगी सासरी पाठवताना "आमच्या लेकीला सांभाळून घ्या" असं आई-बाप म्हणत, तेव्हा सरकण्याची जबाबदारी ते स्पष्टपणे समोरच्या घरावर ठेवत. पडतं घेणं होतं. ज्याला जिंकता आलं असतं त्यानेच पडतं घ्यायचं, त्यामुळे मोठेपणही त्याच्याकडे राहायचं. मिळतं घेणं दोघांचं. तडजोडीलाही निदान दोन पक्ष लागतात. चालवून घेणं वस्तूंचं आणि उणिवांचं, आज आमटीत गूळ नाही, चालवून घ्या. भागवणं टंचाईचं, दोन वाट्या डाळीत सहा माणसं भागवायची. निभावणं काळाचं, एवढा पावसाळा निभावला की झालं. सामावून घेणं ज्याच्याकडे जागा आहे त्याने करायचं. आणि मन मारणं होतं. तो शब्द आपली किंमत तोंडावर सांगतो. तो उच्चारताना कुणाला बरं वाटत नाही, आणि वाटूही नये.

या प्रत्येक शब्दात कोण सरकतं, कशासाठी आणि काय गमावून, हे बोलताक्षणीच कळतं. अ‍ॅडजस्टमध्ये यातलं काहीच कळत नाही. आमटीतला गूळ, सहा माणसांची डाळ, मोठ्या जावेची मर्जी आणि मारलेलं मन, सगळं तो एकाच आवाजात सांगतो. त्याच्या मागेपुढे नेहमी एक 'थोडं' असतं. जास्त अ‍ॅडजस्ट करा असं आजवर मला कुणी म्हटलेलं नाही.

सरकारी मराठीने त्याला समायोजन हा प्रतिशब्द दिला. शिक्षकी पेशातल्या माणसाला तो ऐकला तरी पोटात गोळा येतो. पटसंख्या घटली की शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि मग अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होतं, म्हणजे माणूस उचलून दुसऱ्या शाळेत. माझ्या एका मैत्रिणीचं असं समायोजन झालं, तेव्हा दोन गाड्या बदलून पोचावं लागेल अशा ठिकाणी. तिला कुणी विचारलं नव्हतं. कागदावर तिचं नाव कर्माच्या जागी होतं.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी शब्दाचं मूळ शोधायला बसले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत तो आला जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये उतरत्या काळच्या लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'युक्स्ता' म्हणजे जवळ, लगत. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ जवळ आणणं, जोडणं. पुढे फ्रेंचमध्ये लोकांना वाटलं की याचं नातं 'युस्तुस' म्हणजे न्याय्य, यथायोग्य या शब्दाशी आहे. ते नातं रक्ताचं नव्हतं, पण लोकांनी मानलं आणि शब्दाचं रूपही त्या बाजूला झुकलं. तेव्हापासून या शब्दाला दोन आया आहेत, एक जन्माची, जवळीक, आणि एक मानलेली, न्याय. नीट बसवणं, बरोबर करणं, हिशेब पुरा करणं हे अर्थ दोन्हींच्या सोबतीने वाढले. माणसाने स्वतः परिस्थितीला सरावणं हा अर्थ त्या मानाने फार उशिराचा. आधी वस्तू अ‍ॅडजस्ट होत, माणसं पुष्कळ नंतर होऊ लागली.

त्याहून मागे गेले तर मी माझ्याच अंगणात येऊन पोचले. 'युक्स्ता' ज्या प्राचीन धातूपासून आला, जोडण्याच्या, तोच आपला संस्कृत 'युज्'. त्यातून योग झाला, युग झालं, आणि युगावरून मराठीत जू आलं. बैलांच्या मानेवरचं जू. आजोळी पावसाळ्यात नांगरणी पाहिली आहे मी. जू दोन मानांवर असतं. एक बैल ओढत राहिला आणि दुसरा ढिला चालला तर जू कलतं, आणि ओढणाऱ्याच्या खांद्याची सालटं निघतात. आजोबा अशा वेळी औत थांबवत, जू सरळ करत, आणि दोघांच्या जागा बदलत. डावीकडचा उजवीकडे. मामा सांगायचे की न बदलता दिवस काढला तर दुसऱ्या दिवशी तो बैल जू पाहूनच मान फिरवतो. औत थांबवून जागा बदलण्यात किती वेळ जायचा? पाच मिनिटं. पण आजोबा ती पाच मिनिटं देत.

आता माझ्या फळ्याकडे येते. समायोजना शिकवताना पहिल्या दिवशी मी एक वाक्य मुलांकडून वहीत लाल शाईने लिहून घेते: तेरजेबाहेर दिलेल्या प्रत्येक समायोजनेचे दोन परिणाम दाखवायचे. मजुरी देणे बाकी असेल तर ती व्यापार खात्यात मजुरीत मिळवायची, आणि ताळेबंदात देयतांच्या, म्हणजे देण्यांच्या, बाजूला पुन्हा लिहायची. घसारा नफा-तोट्यात खर्च म्हणून टाकायचा, आणि यंत्राच्या किमतीतून वजाही करायचा. एकच परिणाम लिहिला तर ताळेबंद जुळत नाही. नवी मुलं हमखास दुसरा विसरतात. घंटा व्हायला दोन मिनिटं असताना बेरजा जुळत नाहीत म्हणून रडकुंडीला येतात, आणि मी प्रत्येकीला तेच विचारते, "दुसरा परिणाम कुठाय?" व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली नावाच्या भिक्षू गणितज्ञाने ही दुहेरी नोंदीची रीत छापून प्रसिद्ध केली, व्यापारी तर ती त्याच्याही आधीपासून वापरत होते. पाचशेहून जास्त वर्षं जगाचा व्यवहार या एका आग्रहावर उभा आहे की कुठे काही आलं असेल तर ते कुठून तरी गेलं आहे, आणि दोन्ही लिहा.

हे मी इतकी वर्षं शिकवलं, आणि घरातल्या एका समायोजनेचा दुसरा परिणाम कधी शोधला नाही.

चरईतली आमची जागा म्हणजे बाहेर दहा बाय बाराची खोली आणि आत स्वयंपाकाची अरुंद पट्टी, तिच्या टोकाला मोरी. १९८२ मध्ये माझे दोन चुलतभाऊ गावाहून आले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात थोरल्याला काम लागलं होतं, धाकट्याला लागणार होतं. वडील रात्री आईला म्हणाले, "पोरं बाहेर झोपतील. तू आत थोडं अ‍ॅडजस्ट कर." आईला इंग्रजी येत नव्हतं, शाळा चौथीत सुटलेली. पण हा शब्द तिला चाळीने शिकवला होता. तिच्या तोंडी तो 'अ‍ॅडजेस' असे. ती म्हणाली, "करू की अ‍ॅडजेस. त्यात काय."

आणि तिने सतरंजी आत अंथरली. डोकं पिठाच्या डब्याकडे, पाय मोरीच्या कठड्याला. मी आठ वर्षांची, तिच्या कुशीत. पहाटे साडेचारला नळाला पाणी यायचं, त्यामुळे ती उठली की मला जरा पसरायला मिळे, आणि मी पसरत असे. थोड्या दिवसांचा प्रश्न होता. ते थोडे दिवस सहा वर्षं चालले. दादांनी आईला कधी दुखावलं नाही, पगारातून तिला साडी आणायचे, आजही राखीला येतात. वडीलही वाईट नव्हते. त्या घरात कुणीच वाईट नव्हतं, म्हणून तर हे सांगायला मला इतकं जड जातं आहे. दादांना कळव्याला जागा मिळाली, ते गेले, बाहेरची खोली मोकळी झाली. आठवड्याभरात तिथे लोखंडी कपाट आलं. चाळीतले लोक पाहून गेले, छान आहे म्हणाले. आईने बाहेर झोपायचा विषय कुणी काढला नाही. तिनेही नाही, मीही नाही.

पुढे १९९४ मध्ये आम्ही वर्तकनगरला दोन खोल्यांत गेलो. पहिल्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर आई स्वयंपाकघरात ओट्याखाली सतरंजीवर. "पंख्याचं वारं सोसत नाही गं मला," ती म्हणाली.

यंत्रावर घसारा मांडतात, कारण वापराने वस्तू झिजते हे व्यापाऱ्याला मान्य असतं. आमच्या घरात दोन मुलांची सोय झाली, हा पहिला परिणाम सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे, लग्नाकार्यांत अजून कौतुकाने सांगतात. दुसरा परिणाम देयतांच्या बाजूला कुणी लिहिलाच नाही. आणि तरी ताळेबंद जुळला असं आम्ही सगळे धरून चाललो.

मी या शब्दावर रागावून बसले असते, पण त्याच शब्दाने एका रात्री मला छप्पर दिलं आहे.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो मंगळवार. दादरहून निघालेली माझी गाडी दुपारी कुर्ल्याच्या पुढे रखडली आणि विक्रोळीच्या आसपास कायमची थांबली. आम्ही रुळांतून चालत निघालो. मोबाईल बंद पडले होते, माझी चार वर्षांची मुलगी ठाण्यात आईजवळ होती. भांडुपला येईपर्यंत रात्र झाली, पाणी मांड्यांपर्यंत होतं. एका बैठ्या घराच्या उंबऱ्यात एक बाई कंदील घेऊन उभी होती. आम्ही अनोळखी आठ-नऊ जणी. तिने विचारलं नाही कोण, कुठल्या. म्हणाली, "या गं सगळ्या आत. अ‍ॅडजस्ट करू."

एकच खोली. तिने नवऱ्याला शेजाऱ्यांकडे पाठवलं, मुलांना माळ्यावर चढवलं, स्वतःचे गाउन आणि साड्या आम्हाला नेसायला काढून दिल्या. पिठलं टाकलं. रात्री आम्ही वाळत घातलेल्या मासळीसारख्या एका ओळीत आडव्या झालो, आणि ती आमच्या मधोमध, सगळ्यांइतक्याच जागेत. सकाळी निघताना मी पैसे पुढे केले तेव्हा तिने माझी मूठ मिटवली. तिचं नाव मी विचारलं होतं, आणि त्या दोन दिवसांच्या धांदलीत विसरले. ते मला अजून लागतं.

ती 'करा' म्हणाली नव्हती. 'करू' म्हणाली होती. मी वर्षानुवर्षं हा शब्द ऐकला आणि त्याच्या शेपटाकडे लक्षच दिलं नाही. मराठीत सगळा अर्थ शेपटात असतो. अ‍ॅडजस्ट करा म्हणणारा उभा असतो आणि सरकायचं असतं समोरच्याने. अ‍ॅडजस्ट कर हे तर बहुतेक वेळा घरातल्या घरात, वरून खाली बोललं जातं. अ‍ॅडजस्ट करू यात बोलणारा स्वतः आधी सरकलेला असतो. भांडुपच्या त्या घरात नवरा सरकला, मुलं सरकली, ती सरकली, तेव्हा कुठे आम्ही मावलो. तो 'करू' खराखुरा अनेकवचनी होता.

माझी आईही 'करू' म्हणाली होती. तिचं एकटीचं अनेकवचन होतं ते.

आणि मी स्वतः? दोन वर्षांपूर्वी मुलीचा बंगळुरूहून रात्री फोन आला. ऑफिसात शनिवार-रविवार सतत तिच्याच वाट्याला येत होते, घरात तिच्याबरोबर राहणारीचे मित्र उशिरापर्यंत बसत, तिला झोप मिळत नव्हती. मी पोळ्या लाटत होते. लाटता लाटता म्हटलं, "नवीन आहेस, थोडं अ‍ॅडजस्ट कर गं." पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "किती आई? आणि कधीपर्यंत?"

तिने मला माझ्याच विषयात विचारलं होतं. रक्कम आणि तारीख नसलेली नोंद मी मुलांच्या वहीत खोडून टाकते. गाडीतल्या चौथीला दोन्ही माहीत असतं: बोटभर जागा, आणि घाटकोपरपर्यंत. आईला वडिलांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, आणि तेच वाक्य मी चाळीस वर्षांनी पोळपाटावरून पुढे ढकललं होतं. मी गॅस बंद केला आणि खाली बसून तिच्याशी पाऊण तास बोलले. पुढच्या महिन्यात तिने घर बदललं. शनिवार-रविवारांबद्दल ऑफिसात लेखी विचारलं, पाळ्या लागल्या, सगळ्यांना. कुणाचंही आभाळ कोसळलं नाही.

आता तिच्यासाठी स्थळं येतात. जुन्या जाहिरातींत गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ असे शब्द असत. आता फोनवर मध्यस्थ बाई म्हणतात, "मंडळी चांगली आहेत, मुलगी फक्त अ‍ॅडजस्टेबल हवी." मनमिळाऊपणा निदान माणसाचा गुण होता, मन असलेल्याचा. अ‍ॅडजस्टेबल हे खुर्चीला, पट्ट्याला, टेबलाच्या पायांना लावायचं विशेषण आहे. असं वाक्य आलं की आता मी शांतपणे एवढंच विचारते, "आणि मुलगा?" दोन ठिकाणी पुढे बोलणं झालं नाही. एका ठिकाणी मुलाची आई थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "अहो, हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं." त्यांच्याशी अजून बोलणं चालू आहे.

त्या विद्यार्थिनीला मी परीक्षेआधी उत्तर दिलं. म्हटलं, शब्द एकच आहे, आणि नियमही एकच असायला हवा. गाडीत बसशील तेव्हाही दुसरा परिणाम कुठे पडतो ते बघत जा. तिने विचारलं, "म्हणजे कोण उभं राहिलं ते?" म्हटलं, "तेही. आणि कोण नेहमीच उभं राहतं, तेही."

आई आता एक्याऐंशीची आहे, माझ्याकडे असते. मोतीबिंदू दाखवायला मागच्या महिन्यात तिला वाशीला न्यायचं होतं. दुपारची वेळ बघून नऊ नंबरवरून गाडी पकडली, गर्दी बेताची होती. खिडकीशी आई, शेजारी मी, पलीकडे एक मुलगी. ऐरोलीला कंपन्यांतल्या पाळी सुटलेल्या बायका चढल्या. एकजण आमच्या बाकाशी आली. "आजी, थोडं..." एवढंच म्हणाली असेल, तोवर आई पत्र्याला खेटली होती. तिचं शरीर वाक्य पुरं व्हायची वाट पाहत नाही. मी उठले आणि त्या बाईला माझ्या जागी बसवलं.

"अगं, उठलीस कशाला?" आई म्हणाली. "बस. आपण करू की अ‍ॅडजेस."

मी उभी राहिले. रबाळे, घणसोली गेली. कोपरखैरणेला डबा बराच रिकामा झाला, आमचा बाक अख्खा मोकळा झाला. मी आईशेजारी बसले. ती तशीच होती, खिडकीच्या पत्र्याला चिकटून, गुडघे जुळवून, पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून. बाजूला दोन माणसांची जागा होती.

"आई, नीट बस ना. पाय मोकळे कर."

तिने आधी पॅसेजमध्ये पाहिलं, मग समोरच्या बाकावर. कुणी येत नाही अशी खात्री झाल्यावर तिने मांडीवरची पिशवी उचलली आणि बाकावर, स्वतःच्या शेजारी ठेवली. पाय थोडे पसरले. वाऱ्याने तिचे केस उडत होते आणि पारसिकच्या डोंगराकडे बघत तिने डोळे मिटले.

तुर्भ्याला तीन बायका चढल्या. डोळे मिटलेले असतानाच आईचा हात पिशवीकडे गेला. मी तो हात धरून ठेवला, आणि माझ्या बाजूने सरकले.